पहिला फ्लॅट: तिसरा मजला, लिफ्ट नाही, इमारत चौतीस वर्षांची. घ्यावा का?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

वय ३३, एकटी. एका मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. पाळ्या फिरत्या. सकाळची सहाला सुरू होते, दुपारची रात्री दहाला सुटते, आणि महिन्यातला एक आठवडा रात्रपाळी. सध्या तिघी मिळून भाड्याच्या घरात राहतो. एकीचं लग्न ठरलंय, दुसरीची बदली होतेय. म्हणजे एकतर दोन अनोळखी मुली शोधायच्या, नाहीतर सगळं भाडं एकटीने भरायचं. म्हटलं, आता स्वतःचंच बघावं.

शहराचं नाव मुद्दाम टाळतेय. ते सांगितलं की चौथ्या प्रतिसादापासून कुठला भाग बरा यावरच जुंपते आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. महागडं आहे, एवढं धरून चाला. नोकरीला लागले तेव्हा ज्या पैशांत दोन खोल्या यायच्या, त्यात आता एक येते.

किमतीच्या पाव हिश्श्याएवढी पुंजी हातात आहे, बाकीचं कर्ज. आईच्या ठेवींना हात लावायचा नाही हे पक्कं. आणि तीन-चार वर्षांत आई माझ्याकडे राहायला येणार आहे. तिचे गुडघे आत्ताच कुरकुरतात.

फिरून फिरून तीन जागा उरल्यात.

पहिली जागा जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. कार्पेट ३१० चौरस फूट, एक खोली, स्वयंपाकघर, आणि जिला एजंट 'ड्राय बाल्कनी' म्हणतो ती कपडे वाळत घालायची चिंचोळी पट्टी. रुग्णालयापासून चालत पंचवीस मिनिटं. स्वयंपाकघरातल्या फरशा इतक्या भयाण हिरव्या आहेत की एजंटसुद्धा दाराशीच उभा राहिला. पण दोन्हीकडून उजेड आहे. दुपारी तीन वाजता दिवा न लावता मीटरवरचा आकडा वाचता आला.

दुसरी शहराबाहेर, नवीन बांधकाम, ताबा दोन वर्षांनी. लिफ्ट आहे, जिम आहे, तरणतलाव आहे (मला पोहता येत नाही). दीडपट मोठी. जायला पावणेदोन तास, आणि दुपारपाळी सुटल्यावर शेवटची गाडी चुकली की रात्र तिथेच.

तिसरी रुग्णालयाच्या अगदी जवळ, १८० चौरस फुटांचा स्टुडिओ. पलंग ठेवला की कपाट नाही, कपाट ठेवलं की आई नाही.

मामा म्हणतो, जुनी इमारत म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. एजंट म्हणतो, आणखी दोघं जण बघून गेलेत. मला जुनीच आवडलीय, आणि भीतीही तिचीच वाटतेय. जुनं घर घेताना नेमकं काय बघायचं? आणि हप्ता किती म्हणजे जास्त?

---

भाडेकरू_आणि_सुखी

घेऊच नका, असं म्हटलं तर मार पडेल का?

साधा हिशेब करा. त्याच इमारतीत तसाच फ्लॅट भाड्याने किती जातो ते विचारा. वर्षाचं भाडं किमतीच्या किती टक्के येतं ते काढा. महागड्या शहरांत हा आकडा बऱ्याचदा तीनच्या आसपास घुटमळतो, म्हणजे किंमत ही तेहतीस वर्षांच्या भाड्याइतकी झाली. कर्जाचं व्याज त्याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर दर महिन्याला तुम्ही भाड्यापेक्षा बरंच जास्त नुसतं व्याजातच घालणार. तो फरक आणि ती पाव हिश्श्याची पुंजी नीट गुंतवली तर भाड्याने राहणं वाईट नाही.

अर्थात, घरमालक अकरा महिन्यांनी उठवू शकतो याला माझ्याकडे उत्तर नाही. मला उठवलं तर मी बॅग उचलून जातो. तुमच्या आईला घेऊन ते जमणार नाही, हे कबूल.

---

खतावणी

मी बँकेच्या कर्जविभागात आहे, त्यामुळे फक्त कर्जापुरतं बोलते.

समजा कर्ज १,००,०००, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो साधारण ९००. पहिल्या हप्त्यातले ७५० व्याजात जातात, मुद्दलाला मिळतात १५०. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलेत की खिशातून ५४,००० गेलेले असतात आणि मुद्दल उतरलेलं असतं साधारण ११,३००. 'आत्ता छोटं घेऊ, पाच वर्षांनी विकून मोठं घेऊ' म्हणणारे लोक माझ्या टेबलासमोर बसतात तेव्हा त्यांना मी हा तक्ता दाखवते. ते गप्प होतात, आणि बहुतेक जण तरीही घेतात.

मुदत ३० वर्षं केली तर हप्ता ९०० वरून ८०५ वर येतो. त्या ९५ साठी एकूण परतफेड २,१६,००० वरून २,९०,००० च्या घरात जाते. उलट २० वर्षांचीच मुदत ठेवून वर्षाला एक हप्ता जादा भरलात, तर कर्ज सुमारे साडेतीन वर्षं आधी फिटतं. बोनस आला की तो इकडे वळवा. मात्र आधीच परतफेड केल्यास दंड आहे का, हे करारात वाचून घ्या.

आता लोक बघत नाहीत ती गोष्ट. व्याज बदलतं असेल आणि ते ९ चं १० झालं, तर हप्ता ९६५ व्हायला हवा. पण बरेचदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाते. हे सुरुवातीलाच झालं तर २० वर्षांचं कर्ज २६ वर्षांवर जातं. हप्ता हलला नाही म्हणून कुणाला पत्ताही लागत नाही. दर बदलला की मुदत विचारायची, ही सवय लावून घ्या.

जुन्या इमारतीबाबत दोन गोष्टी. बँक तिच्या मूल्यांकनावर कर्ज देते, तुमच्या सौद्यावर नाही. मूल्यांकन कमी आलं तर मधली खिंड तुमच्या पुंजीतून भरावी लागते. आणि इमारतीचं वय बघून बँक मुदत कमी करू शकते, मग हप्ता चढतो. म्हणून बयाणा देण्याआधी बँकेकडून या विशिष्ट फ्लॅटवर किती आणि किती वर्षांसाठी, हे लेखी घ्या. तुमच्या पगारावरची मंजुरी म्हणजे फ्लॅटवरची मंजुरी नव्हे. त्या १८० फुटांच्या स्टुडिओचंही तेच, फार छोट्या घरांवर कर्ज द्यायला काही बँका कां-कूं करतात.

हप्ता किती म्हणजे जास्त? बँक सांगेल तो आकडा बँकेला पेलणारा असतो. होणारा हप्ता अधिक मेंटेनन्स यातून तुमच्या वाट्याचं भाडं वजा करा आणि तो फरक पुढच्या पगारापासूनच वेगळ्या खात्यात टाकायला लागा. चार-सहा महिन्यांत तुमचं तुम्हालाच कळेल. शिवाय सहा हप्त्यांइतकी रक्कम बाजूला राहिली पाहिजे. नोंदणी, मुद्रांक, वकील, दलाली, सामान हलवणं हे सगळं पुंजीतूनच जातं, त्यामुळे पाव हिस्सा हातात असला तरी तो सगळा घरात घालता येणार नाही.

---

सोडतीची_वाट

सरकारी किंवा नगरपालिकेच्या योजनांचं बघितलंत का? मुंबईत म्हाडाची सोडत असते, हाँगकाँगमध्येही सवलतीचे फ्लॅट सोडतीनेच देतात. सिंगापुरात तर बहुसंख्य लोक एचडीबीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांत राहतात. तुमच्या शहरात असं काही असेल तर अर्ज टाकून ठेवा. उत्पन्नाची मर्यादा आणि आधीपासून घर नसण्याची अट बहुतेक ठिकाणी असते. फ्लॅट एकदा नावावर झाला की ते दार बंद होऊ शकतं, म्हणून आधी अटी वाचा.

एक सावधगिरी. अशा घरांची जमीन बरेचदा भाडेपट्ट्यावर असते, आणि किती वर्षांच्या आत विकायचं नाही याचं बंधन असतं. सिंगापूरचा पट्टा ९९ वर्षांचा आहे. पट्ट्याची वर्षं जसजशी कमी उरतात तसतसं पुढच्या गिऱ्हाइकाला कर्ज मिळणं जड जातं. तुमच्या जुन्या इमारतीची जमीन कुणाची आहे, हेही विचारा.

---

माजी_सचिव

रात्रपाळीताई, मी आमच्या सोसायटीचा बरीच वर्षं सचिव होतो. इतकी वर्षं की अजूनही पंप बंद पडला की लोक माझीच बेल वाजवतात. जुन्या घराबद्दल तुमच्या मामांनी सांगितलं ते निम्मं खरं आहे. दुखणं असतंच. ते कुठलं, आणि त्याची फी कोण भरणार, हे घेण्याआधी कळू शकतं.

फ्लॅट बघायला लोक येतात आणि काय बघतात? फरशा, ओटा, रंग. तुम्ही पण हिरव्या फरशांबद्दल दोन ओळी लिहिल्यात आणि इमारतीच्या खांबांबद्दल एकही नाही. हिरव्या फरशांमुळे गिऱ्हाईक दारातून परत जात असेल तर ते तुमच्या पथ्यावर आहे. फरशा, वायरिंग, नळ, संडास हे सगळं पैसे टाकून बदलता येतं, आज नाही तर तीन वर्षांनी. मजला, उजेड, समोरचा रस्ता, पाणी आणि इमारतीचा सांगाडा बदलता येत नाही. त्यामुळे भाव पाडायचा तो बदलता येणाऱ्या गोष्टींवर, आणि सौदा सोडायचा तो न बदलणाऱ्या गोष्टींवर.

आता इमारत कशी बघायची ते सांगतो. आधी कागद, मग भिंती.

विक्रेत्याला म्हणा, गेल्या तीन वार्षिक सभांचं इतिवृत्त आणि तिन्ही वर्षांचे ताळेबंद हवेत. तो म्हणेल, 'ते कशाला?' त्याला द्यावंच लागेल असं कुठे म्हणतोय मी, पण जो देत नाही तोही काहीतरी सांगतच असतो. इतिवृत्त वाचायला कंटाळवाणं असतं, पण इमारतीचं खरं वय तिथे कळतं. मी स्वतः अशी कित्येक लिहिलीत, त्यामुळे त्यातली भाषा ओळखतो. 'गच्चीच्या गळतीबाबत चर्चा झाली' म्हणजे काहीही झालं नाही. 'तीन कोटेशन मागवण्याचे ठरले' म्हणजे पुढच्या वर्षीही काही होणार नाही. 'खर्च सभासदांकडून वर्गणी काढून भागवण्यात यावा' हे वाक्य दिसलं की थांबायचं, कारण ती वर्गणी तुम्ही भरणार आहात. फ्लॅट नावावर झाल्यावर पहिल्याच महिन्यात पावती हातात पडते आणि जुना मालक तोवर फोन उचलायचा बंद झालेला असतो. सौद्याच्या करारात ओळ घालून घ्या: व्यवहाराच्या तारखेआधी मंजूर झालेली प्रत्येक वर्गणी विक्रेत्याच्या माथी.

ताळेबंदात दोनच आकडे बघा. दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे, आणि मेंटेनन्सची थकबाकी किती आहे. मेंटेनन्स फारच कमी असेल तर खूश होऊ नका. चौतीस वर्षांची इमारत आणि मासिक वर्गणी नाममात्र, याचा अर्थ गेली दहा वर्षं कुणी काही केलेलं नाही आणि ते सगळं एकदम अंगावर येणार आहे. मी सचिव असताना वर्गणी वाढवायचा विषय काढला की पहिल्या रांगेतले दोघं उठून जायचे. कोरम मोडायचा. त्याच दोघांनी पुढे पंप बंद पडला म्हणून माझ्याविरुद्ध तक्रार केली. असो.

थकबाकीदारांची यादी मागा. फ्लॅट क्रमांकासहित. का ते पुढे कळेल कदाचित.

मग भिंती. दिवसा जा, आणि पाऊस पडून गेल्यावर आणखी एकदा जा. एजंटला न कळवता गेलात तरी चालेल, जिना सगळ्यांचाच असतो. गच्चीखालच्या मजल्याचं छत बघा. बाहेरच्या भिंतीला खेटून ठेवलेलं कपाट थोडं सरकवायला सांगा. एकाच भिंतीला, तेही कमरेएवढ्या उंचीपर्यंत, नवा रंग असेल तर त्यामागे ओल आहे. भिंतीवर पांढरी भुकटी फुलली असेल तर पाणी आतून क्षार घेऊन बाहेर येतंय.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तळमजल्यावरचे, पार्किंगमधले खांब. घरातल्या गिलाव्याला केसासारख्या तडा असतातच, त्याला कुणी घाबरत नाही. पण खांबाला किंवा तुळईला सळईच्या रेषेत सरळ तडा गेली असेल आणि कडेला तांबूस डाग असेल, तर आतली सळई गंजतेय. लोखंड गंजलं की फुगतं, मूळ आकारमानाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतं, आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर ढकलतं. वरून गिलावा मारला की वर्षभर झाकलं जातं. नाण्याने ठोकून बघा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर तिथला थर सुटलाय. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, नाण्याची कड आत जाईल एवढी रुंद भेग असेल तर तीही इंजिनिअरला दाखवा.

इंजिनिअर स्वतःचा न्या, स्ट्रक्चरलवाला. बँकेचा मूल्यांकनवाला येऊन गेला म्हणजे तपासणी झाली असं समजू नका. तो दहा मिनिटांत बँकेचे पैसे सुटतील का एवढंच बघतो. तुमच्या इंजिनिअरची फी जड वाटेल, पण किमतीच्या मानाने ती हिशेबातही धरण्यासारखी नसते.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या घरी बेल वाजवा. खरंच. 'वरचा फ्लॅट बघतेय, तुमच्या बाथरूमचं छत बघू का?' एवढंच विचारा. तुमच्या होऊ घातलेल्या बाथरूमची गळती तुमच्या घरात कधीच दिसत नाही, ती खालच्यांच्या छतावर दिसते. आणि खालची बाई दार उघडून कशी बोलते यावरून पुढची वीस वर्षं कशी जातील तेही कळतं.

दुसऱ्या पर्यायाबद्दल एकच. ताबा दोन वर्षांनी म्हणजे तोवर भाडंही चालू आणि कर्जाचं व्याजही चालू. ताबा लांबला तर दोन्ही लांबतं. सहाच्या पाळीला पावणेदोन तास आधी निघायचं, म्हणजे सव्वाचारला घराबाहेर. जिम कधी वापरणार?

---

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. खतावणीताई, त्या २६ वर्षांच्या आकड्याने झोप उडवली. फरक वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात केलीय. पहिला महिना बरा गेला, दुसऱ्या महिन्यात चष्मा फुटला.

सोडतीची_वाट, आमच्याकडे योजना आहे, पण उत्पन्नाच्या मर्यादेच्या जरा वर जाते मी. रात्रपाळीचा भत्ता नडला. जमीन सोसायटीच्या मालकीची आहे, वकिलाने कागद बघितले, बोजा काही नाही.

आता इतिवृत्त. विक्रेते काका भले निघाले, कुरकुर न करता फाइल दिली. तुम्ही म्हणालात तशीच भाषा! पहिल्या वर्षी 'गच्चीच्या गळतीबाबत सविस्तर चर्चा'. दुसऱ्या वर्षी 'कोटेशन मागवण्याचे ठरले'. तिसऱ्या वर्षी मात्र ठराव मंजूर आहे, जलरोधक काम करायचं, वर्गणी प्रत्येक फ्लॅटमागे समान, अजून वसूल व्हायची आहे. विक्रेत्यांनी तेवढी रक्कम किमतीतून कमी करायचं कबूल केलंय, करारात ओळही घालणार.

पाऊस झाल्यावर गेले होते. खालच्या आजींनी बाथरूम दाखवलं. संडासाच्या पाइपाभोवती बशीएवढा पिवळा डाग, मध्ये रंग सुटून पापुद्रा लोंबतोय. 'दहा वर्षं सांगतेय वरच्यांना,' म्हणाल्या, आणि मग मलाच विचारलं, 'तुम्ही करून घ्याल ना?' मी अजून फ्लॅट घेतलाही नाही आणि मला पहिली तक्रार मिळाली.

इंजिनिअर आले. पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यातल्या एका खांबावर हातोडी मारली तर तळहाताएवढा गिलावा खाली पडला, आत सळई तपकिरी. बाकीचे खांब ठीक वाजले. त्यांचं म्हणणं, वेळेत केलं तर दुरुस्त होणारं आहे, सळई साफ करून नवा थर चढवायचा, पण गच्चीच्या कामाबरोबर हेही ठरावात आलं पाहिजे. अहवालाची एक प्रत मी सध्याच्या सचिवांना दिली. ते जरा नाराज दिसले.

बँकेने मुदत १८ वर्षं दिली, २० मागितली होती. हप्ता त्यामुळे वर गेला, पण पेलेल.

एवढं सगळं जुळून आल्यावर परवा आईला घेऊन गेले. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून ती उभी राहिली आणि म्हणाली, 'छान हवा येते गं इथे.' वर पोचल्यावर घर तिला आवडलं. उतरताना मात्र एकेक पायरी आडवी होऊन उतरली. सचिव म्हणतात, लिफ्टचा प्रस्ताव 'विचाराधीन' आहे. थांबावं का लिफ्टसाठी?

---

भाडेकरू_आणि_सुखी

विचाराधीन! :D

---

माजी_सचिव

रात्रपाळीताई, काम अगदी चोख केलंत. आता स्पष्ट सांगतो, रागावू नका.

लिफ्ट धरून घर घेऊ नका. जुन्या इमारतीला बाहेरून लिफ्ट बसवता येते, पण त्याला जागा लागते, परवानगी लागते, पाया घालावा लागतो आणि सगळ्यांचे पैसे लागतात. तळमजला आणि पहिल्या मजल्यावरचे म्हणतात, आम्हाला कशाला लिफ्ट? त्यांचं चुकतही नाही. आमच्याकडे या एका मुद्द्यावर जी सभा सुरू झाली ती माझ्या कारकिर्दीत संपली नाही. झाली लिफ्ट तर आनंद, पण आईंच्या गुडघ्यांचा हिशेब जिन्यावरच करा. आज त्या आडव्या होऊन उतरतात. चार वर्षांनी भाजी आणायला खाली जाणार नाहीत, मग हवा कितीही छान असो. मजला हा त्या न बदलणाऱ्या गोष्टींतला आहे.

म्हणजे इमारत सोडायची असं नाही. थकबाकीदारांची यादी मागितलीत का? इतिवृत्तासोबत बहुतेक वेळा जोडलेली असते. त्यात तळमजल्याचा किंवा पहिल्या मजल्याचा एखादा फ्लॅट, बरीच वर्षं थकलेला, दिसतो का बघा.

---

रात्रपाळी

आत्ता फाइल काढून बघितली. आहे! पहिला मजला, आमच्याच विंगमध्ये. सहा वर्षांची थकबाकी, शेजारी कंसात 'फ्लॅट बंद, मालक परगावी'. मी तिथून जाताना दारावरचं कुलूप बघितलंय, गंजलेलं. एजंट याबद्दल काही बोलला नव्हता.

---

माजी_सचिव

एजंटकडे तो नसेलच. बंद फ्लॅटचे मालक स्वतःहून विकायला निघत नाहीत, कुणी विचारलं तर मात्र विचार करतात. सोसायटीला थकबाकी सुटायला हवी असते, त्यामुळे सचिव पत्ता देणार नाहीत कदाचित, पण तुमचं पत्र नक्की पोचवतील. अहवाल दिल्यामुळे नाराज असले तरीही. पत्र साधं लिहा: त्याच इमारतीत घर बघतेय, कर्ज मंजूर होण्यासारखं आहे, थकबाकी व्यवहारातून वळती करू. किंमत लिहू नका.

उत्तर आलं तर आधी एकच विचारा, मालक हयात आहेत का. नसतील तर वारस किती, आणि सगळे सही करायला तयार आहेत का. एकजण जरी परदेशात रुसून बसलेला असला तरी व्यवहार वर्षभर अडकतो, आणि एका वारसाच्या शब्दावर बयाणा द्यायचा नसतो. वारसांचे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय पैसे हलवू नका.

आणि घर बघायला जाल तेव्हा सगळे नळ उघडा, फ्लश ओढा, मग अर्धा तास तिथेच थांबा. सहा वर्षं बंद असलेल्या घरात वॉशर वाळून गेलेले असतात, गळती लगेच दिसत नाही. वायरिंग नवीनच धरा. पहिला मजला म्हणजे खिडकीला जाळी लागेल आणि उजेड तिसऱ्या मजल्याएवढा नसेल, म्हणून दुपारी तीनला जा, तुमचा तो मीटर वाचून बघा.

तिसऱ्या मजल्याच्या काकांना मात्र ताटकळत ठेवू नका. भले माणूस आहेत, आजच फोन करून खरं काय ते सांगा.

---

खतावणी

बंद फ्लॅटसाठी बँकेत नव्याने मूल्यांकन लागेल, पण तुमच्या पगाराची फाइल तीच चालेल. १८ वर्षांचीच मुदत धरून चला, इमारत तीच आहे. थकबाकी सोसायटीला मालकामार्फत वळती होणार असेल तर करारात आणि सोसायटीच्या ना-हरकत पत्रात, दोन्हीकडे आकडा एकच असू द्या. नाहीतर आमच्याकडचे लोक फाइल परत पाठवतात.